अंधारांत उजेड नेणारा जेकब रीस

छायाचित्र म्हणजे उजेडानें रेखलेलें चित्र. उजेड नसेल तेथें उत्तमांतला उत्तम कॅमेराही निरुपयोगी ठरतो. म्हणून एकोणिसाव्या शतकांत माणसांचीं छायाचित्रें बहुधा दिवसां, कांचेच्या छपराच्या चित्रशाळेंत काढीत. गरिबांच्या अंधाऱ्या खोल्यांत कॅमेऱ्याचा शिरकाव क्वचितच होई. हातांत धरून नेतां येईल असा उजेड घेऊन जो त्या खोल्यांत शिरला, त्या जेकब रीसचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणून घ्यावें असें आहे.

रीसचा जन्म ता. ३ मे १८४९ रोजीं डेन्मार्कमधील रीबे या जुन्या गांवीं झाला. वडील शाळामास्तर होते. घरांत मुलें पुष्कळ आणि मिळकत बेताची. मुलानें लेखणीवर पोट भरावें अशी वडिलांची इच्छा. परंतु जेकबनें सुतारकाम शिकणें पसंत केलें. १८७० सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, तो अमेरिकेस गेला. तेथें त्यानें सुतारकी केली, खाणींत काम केलें, फेरीवाल्याचाही धंदा केला. कधीं उपाशी राहिला. न्यूयॉर्कमध्यें एका रात्रीं तो पोलीस ठाण्यांतील बेघरांच्या निवाऱ्यांत निजला असतां त्याच्या गळ्यांतील सोन्याचें पदक चोरीस गेलें. तक्रार करतांच त्यालाच बाहेर काढण्यांत आलें, आणि त्याच्या सोबतीस राहिलेल्या भटक्या कुत्र्याला एका शिपायानें त्याच्या डोळ्यांदेखत ठार केलें. ही गोष्ट तो जन्मभर विसरला नाहीं.

पुढें तो बातमीदार झाला. १८७७ पासून एका दैनिकासाठीं पोलिसांकडील बातम्या मिळवितांना मल्बेरी रस्त्याच्या परिसरांतील चाळी त्याला रात्रंदिवस पाहावयास मिळाल्या. तेथील दैन्य त्यानें वारंवार लिहून पाहिलें. पण सुखवस्तु वाचकांच्या मनावर त्याचा परिणाम होईना. डोळ्यांनीं पाहिल्यावांचून लोक हलणार नाहींत, हें त्यानें ओळखलें. परंतु जेथें दिवसांही काळोख, तेथलें चित्र काढावें कसें?

१८८७ सालीं त्यानें एक बातमी वाचली. जर्मनींतील आडोल्फ मीटे व योहान्नेस गेडिके यांनीं मॅग्नेशियमची भुकटी व पोटॅशियम क्लोरेट यांच्या मिश्रणापासून पेटतांक्षणींच लख्ख उजेड देणारी पूड तयार केली होती. रीसला हवें तें सांपडलें. आरोग्यखात्यांतील एक डॉक्टर मित्र व दोन हौशी छायाचित्रकार यांना घेऊन तो रात्रीं फिरूं लागला. आरंभीं ही पूड पिस्तुलासारख्या साधनांतून उडवीत. तें पाहून लोक भयभीत होऊन पळत. तेव्हां रीसनें पिस्तूल टाकून तळण्याचा तवा हातीं घेतला व त्यांत पूड पेटवूं लागला. १८८८ च्या आरंभीं त्यानें स्वतःचा कॅमेरा घेतला. त्याच्या हातची पहिली कांच जास्त उजेड लागल्यामुळें बिघडली व चित्र काळेंकुट्ट निघालें. पण गोरगरिबांच्या दफनभूमीचें तें चित्र पुढें मॅजिक लँटर्नच्या व्याख्यानांत त्या काळेपणामुळेंच परिणामकारक ठरलें.

या उजेडाची रीत कठोर होती. तो एकाच बाजूनें येई. जवळचे चेहरे पांढरेफटक दिसत, डोळे दिपत, पाठीमागें गडद सांवल्या पडत आणि खोलीभर धूर कोंदे. दोनदां तर चाळीस आग लागली. एकदां रीस स्वतःच पेटला, व त्या वेळीं केवळ चष्म्यामुळें त्याची दृष्टि वांचली. तरीही बेयर्ड रस्त्यावरील, पुरती तेरा फूटही नसलेल्या खोलींत बारा स्त्रीपुरुष निजतात, हें न्यूयॉर्ककरांस प्रथम त्याच उजेडानें दिसलें.

त्या काळीं वृत्तपत्रांत छायाचित्रें सहसा छापतां येत नसत. म्हणून फेब्रुवारी १८८८ मध्यें न्यूयॉर्क सन या पत्रानें त्यांवरून काढलेलीं रेखाचित्रें प्रसिद्ध केलीं. १८९० सालीं रीसचें हाउ द अदर हाफ लिव्ज हें पुस्तक निघालें. १८९५ सालीं पोलीस मंडळाचे अध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट त्याच्यासह रात्रीं हिंडले, आणि १८९६ सालीं ठाण्यांतील ते निवारे बंद झाले. मल्बेरी बेंड येथील कुप्रसिद्ध चाळी पाडून १८९७ सालीं तेथें उद्यान खुलें करण्यांत आलें.

तथापि रीस निर्दोष नव्हता. निजलेल्यांवर त्यांची संमति न घेतां त्यानें उजेड पाडला, आणि परदेशांतून आलेल्या कित्येक जमातींविषयीं त्याच्या लेखनांत पूर्वग्रह आहेत. चरित्र वाचतांना हेंही विसरूं नये.

ता. २६ मे १९१४ रोजीं रीस निवर्तला. त्याच्या कांचा कित्येक वर्षें अडगळींत पडून होत्या. १९४७ सालीं न्यूयॉर्कच्या नगर-संग्रहालयांत त्यांवरील चित्रांचें प्रदर्शन झालें, तेव्हां त्या पुन्हां उजेडांत आल्या.

आज मुठींत मावणारा विजेचा फ्लॅश मिळतो. तो कॅमेऱ्यापासून बाजूला धरला कीं चेहऱ्यास उठाव येतो. पांढऱ्या भिंतीवर वा छतावर फिरविला कीं तोच उजेड मऊ होऊन चेहऱ्यावर येतो. थोड्या सरावानें हें कोणासही साधतें. परंतु उजेड कोणावर पाडावयाचा, कशासाठीं पाडावयाचा, आणि ज्याच्यावर पाडावयाचा त्याला आधीं विचारलें कीं नाहीं, हें ठरविणें उपकरणाचें काम नव्हे. तें हात धरणाऱ्या माणसाचें आहे. रीसच्या गुणांपासून व दोषांपासून विद्यार्थ्यांनीं एवढें शिकलें, तरी पुष्कळ झालें.