अनंतशास्त्र्यांची कन्या

शारदीय नवरात्रात सरस्वतीचे आवाहन करताना आम्हां पुराणिक-कीर्तनकारांना एका पुराणिकाच्या कन्येचे स्मरण अगत्याने व्हावे. सन १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले, त्या रमाबाई पुढे ख्रिस्ती झाल्या, म्हणून भाविक घरांतून त्यांचे नाव काहीशा संकोचानेच घेतले जाते. वाचकहो, आज तो संकोच घटकाभर बाजूस ठेवावा. ईश्वर शरणागताला अंतर देतो की नाही, हा जो प्रश्न त्या बाईंनी आयुष्यभर वाहिला, तो आपलाही आहे.

२३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात अनंतशास्त्री डोंगरे यांच्या आश्रमात त्यांचा जन्म झाला. पत्नीस संस्कृत शिकविले म्हणून शास्त्रीबोवांनी जनांचा रोष पत्करला होता. त्याच मातेने, लक्ष्मीबाईंनी, मुलीला भागवत पढविले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे, देवळात पुराण सांगे व मिळेल त्यावर निर्वाह करी. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. गाठीचे द्रव्य दानधर्मात आणि अनुष्ठानांत सरले, झाडपाला खाण्याची पाळी आली, आणि १८७४ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने पिता, माता व थोरली बहीण असे तिघेही गेले. देह ठेवण्यापूर्वी पित्याने धाकट्या लेकीला जवळ घेऊन, तिला आपण ईश्वराच्या हाती सोपविले असल्याचे सांगितले व आमरण त्याचीच सेवा करण्याची आज्ञा केली. सोळा वर्षांच्या त्या मुलीची श्रद्धा मात्र भुकेने करपून गेली होती. आमच्या कंधारकडे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आयाबाया मी बालपणी पाहिल्या आहेत. उपाशी माणूस देवावर रुसला तर त्यास नास्तिक म्हणण्याचे धैर्य मला होत नाही.

१८८० मध्ये बंधू श्रीनिवास गेले, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी. कडेवर तान्ही मनोरमा राहिली. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो निर्णय मला पटलेला नाही. परंतु त्यांचे आत्मकथन वाचताना एक गोष्ट ध्यानात येते की, धर्म बदलूनही चित्त लगेच स्थिरावले नाही. विसावा लाभला तो सुमारे आठ वर्षांनी, आपल्या विद्वत्तेचा व पुण्याईचा भार सोडून त्यांनी सर्वस्वी ख्रिस्ताच्या पायी शरण घेतली तेव्हा. त्या विसाव्यास प्रपत्ती म्हणावयास मला तरी प्रत्यवाय दिसत नाही.

या भरवशाची खरी कसोटी लागली ती १८९६ च्या दुष्काळात. मध्य प्रांतात मुली अन्नान्न करीत असल्याचे कानी येताच स्वतःची जुनी भूक त्यांना आठवली. पुण्यात शारदा सदन होते. परंतु १८९३ च्या वादात अनेक पालकांनी आपल्या मुली तेथून काढून नेल्या होत्या, आणि अमेरिकेतील मंडळींनी मदतीचे वचन दिले होते तेही केवळ दहा वर्षांचे व सदनापुरतेच. या नव्या पोटांसाठी कोणाचाच शब्द नव्हता. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांनी कोणा मनुष्यापुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथालये चालविल्याचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते. असे आपल्या देशात का घडू नये, असे त्यांच्या मनाने घेतले. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या व काही महिन्यांत सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. त्यातच पुण्यात प्लेगची साथ. तेव्हा केडगावच्या माळावर घेतलेल्या जमिनीत झोपड्या उभ्या राहिल्या, आणि मुक्ती सदन वसले. १९०० च्या सुमारास तेथे दीड हजारांच्या आसपास जीव जेवत होते. पण भरवसा म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे, हे तेथे दिसे. शेती, गोठा, हातमाग, छापखाना, सारे त्या मुलीच चालवीत.

उत्तरायुष्यात हिब्रू व ग्रीक या भाषा शिकून, खेड्यातील बाईलाही समजावे अशा साध्या मराठीत त्यांनी बायबल उतरविण्यास घेतले. संस्कृतात पारंगत असूनही त्यांनी जड शब्द कटाक्षाने टाळले, हे आम्हां शास्त्र्यांनी लक्षात घेण्याजोगे आहे. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. डोंगऱ्यांच्या त्या कुटुंबातील आता त्या एकट्याच उरल्या होत्या. पोथी मिटली नाही. भाषांतर पुरते झाले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी त्यांनी देह ठेवला.