गणपत कृष्णाजी आणि तीस चंद्र

मराठी मुद्रणाच्या इतिहासात गणपत कृष्णाजींची ओळख बहुधा एका वाक्यात आटोपते : १८३१ साली मुंबईत त्यांनी शिळाछापावर मराठी पंचांग छापले. मला मात्र त्यांच्या चरित्रातला त्यापुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. शिळाछापात हात बसलेला हा माणूस पुन्हा उमेदवारी करावी तसा खिळे पाडायला का बसला?

ते भंडारी समाजातले. मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना ख्रिस्ती धर्माची पुस्तके मराठीत छापीत असे. ते काम पाहून आपल्या लोकांचे ग्रंथही असेच छापून निघावेत, असे त्यांच्या मनाने घेतले. यंत्र नव्हते, त्यांनी स्वतःच एक लहानसे लाकडी यंत्र बनवले. दगडाचे तुकडे मिळवले, शाई घरीच तयार केली, नमुने काढून पाहिले. मग लोखंडी यंत्र घेतले आणि पंचांग काढले. छापील कागदाला शिवावे की नाही, याचीच त्या काळी सोवळ्या मंडळींना धास्ती होती. शाईत चरबी असते असा संशय. त्यावर गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली, असे सांगतात. वादात न शिरता काम पुढे नेण्याची ही तऱ्हा मला फार आवडते.

शिळाछापाची रीत सोपी. चिकट शाईने पान लिहून ते दगडावर उतरवायचे, दगड ओला करायचा. पाणी मोकळ्या जागी राहते, छपाईची शाई फक्त रेषांना धरते. जे हाताने काढले तेच कागदावर येते. पण दगडाच्या लेखी पान म्हणजे एक अखंड चित्र. त्यात 'क' कोठे आणि तिथी कोणती, हे दगडाला ठाऊक नसते. एक आकडा चुकला तर खरवडा. पुढच्या वर्षी दगड घासा आणि सारे पुन्हा लिहा.

आमच्या पांढुर्ण्यात मी मुलांना संगणक शिकवतो, म्हणून हा भेद मला रोज दिसतो. पांढुर्णा-सौंसर हा मध्य प्रदेशातला मराठी मुलूख. २०२३ पासून त्याचा वेगळा जिल्हा झाला. या अंकात मराठीशेजारी कानडी नांदते, तशी आमच्याकडे हिंदी. पोळ्याची अमावास्या मराठी पंचांगात श्रावणातली आणि हिंदी पंचांगात भाद्रपदातली! (कानडी मंडळींचे पंचांग येथे आमच्या बाजूचे.) पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीवर गोटमार. तेव्हा तिथी हा आमच्याकडे नुसता भिंतीवरचा विषय नव्हे.

वर्गात मी तीस तिथींचे तीस चंद्र काढायला दिले. बहुतेकांनी चित्र काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये माउसने तीस चंद्रकोरी काढल्या आणि फाइल बाहेर काढली. पडद्यावर शोभिवंत. फाइल उघडली तर लांबलचक दशांशांची रांग. कोणता चंद्र पंचमीचा, हे शोधणाऱ्यालाही सापडू नये. सौंसरच्या एका मुलीने मात्र एसव्हीजीची संहिता हाताने लिहिली. वर्तुळ म्हणजे मध्यबिंदू आणि त्रिज्या, एक ओळ. ते एकदा नाव देऊन ठेवले, तीसदा बोलावले. एक तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातले बारा अंशांचे अंतर. म्हणून उजेड-अंधाराच्या सीमेची वक्ररेषा तिने त्या अंतराच्या कोसाइनने काढली. अष्टमी संपताना अंतर शहाण्णव अंश, म्हणजे चंद्र अर्ध्याहून थोडा अधिक उजळ. माउसवाल्यांची अष्टमी नेमकी अर्धी होती! चंद्राचा आकार बदला म्हटले तेव्हा तिने एक आकडा बदलला. बाकीचे तासभर बसले.

गणपत कृष्णाजींनी खिळे पाडले त्यामागे हेच असावे, असा माझा तर्क आहे. पंचांग दरवर्षी नवे, पण अक्षरे तीच. पोलादी ठशावर अक्षर कोरायचे, तो तांब्यात ठोकून साचा करायचा, साच्यात शिशाचा रस ओतायचा. देवनागरीत मात्रा, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे एका संचाला शेकडो खिळे लागतात. एवढी मेहनत त्यांनी स्वतः केली. मग मात्र अक्षर सुटे झाले : उचलावे, बदलावे, पुन्हा लावावे.

म्हणून दगड टाकाऊ ठरला असे नव्हे. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला तो शिळाछापाचाच, कारण सरस्वतीचा चेहरा खिळ्यांनी जुळवता येत नाही. गोटमारीचे चित्र, नदीपात्रातला पळस आणि दोन्ही काठांवरची गर्दी, कोणी आकडे लिहून काढू लागला तर मी त्याला थांबवीन. तेथे हातच हवा. पण तक्ता, बोधचिन्ह, नकाशा, चंद्रकला, ज्यात मोजमाप आहे आणि जे उद्या बदलणार आहे, ते आमच्या मुलांना लिहिता आले पाहिजे. निदान सॉफ्टवेअरने काढलेली फाइल उघडून वाचता तरी आली पाहिजे. सध्या ती कोणी उघडतच नाही.

गणपत कृष्णाजी १८६० साली वारले. तीनच वर्षांनी गोविंद नारायण माडगावकरांनी आपल्या 'मुंबईचे वर्णन' या पुस्तकात त्यांच्या खटपटीची हकीकत नोंदवली. १८६४ मध्ये जावजी दादाजींनी मुंबईत खिळे पाडण्याचा कारखाना काढला. पुढे त्यातूनच निर्णयसागर उभा राहिला.