ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स

परदेशात जन्मलेल्या ज्या मोजक्या लेखकांना मराठीने कवी म्हणून आपले मानले, त्यांत येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे नाव अग्रभागी आहे. आज मराठी साहित्याचा कोणताही गंभीर इतिहास त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’वाचून पूर्ण होत नाही. परंतु ही मान्यता त्यांना मृत्यूनंतर सुमारे तीनशे वर्षांनी लाभली. मधल्या दीर्घ काळात हा ग्रंथ विद्वानांनी नव्हे, तर रविवारी एकत्र बसून तो वाचणाऱ्या आणि ऐकणाऱ्या साध्या भाविकांनी सांभाळला. म्हणूनच फादर स्टीफन्स ह्यांचे चरित्र हे त्यांच्या वाचकांचेही चरित्र आहे.

त्यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. राणी एलिझाबेथच्या राजवटीत कॅथलिक श्रद्धा उघडपणे आचरणे इंग्लंडमध्ये अशक्य झाले होते. तरुण थॉमस मायदेश सोडून रोमला गेला आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाला. पूर्वेकडे जाण्याची त्याची तीव्र इच्छा होती. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रात होते. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी त्यांनी गोव्याच्या भूमीवर पाऊल ठेवले. त्या प्रवासाचे वर्णन करणारे वडिलांना लिहिलेले त्यांचे पत्र पुढे इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. मायदेशी परतण्याचा योग मात्र त्यांना कधीच आला नाही.

गोव्यातील त्यांची सुमारे चाळीस वर्षे प्रामुख्याने साष्टी प्रांतात गेली. (ही गोव्यातील साष्टी, वसईच्या खाडीपलीकडील आपली साष्टी नव्हे.) तो काळ शांततेचा नव्हता. पोर्तुगीज सत्तेने तेथील मंदिरे पाडली होती आणि लोकांच्या जुन्या धर्मग्रंथांवर बंदी घातली होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ अॅक्वाव्हिवा व त्यांच्या चार येशूसंघीय सोबत्यांची हत्या झाली. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना ठार केले. दोन्ही बाजूंनी रक्त सांडले होते आणि मने दुभंगली होती. अशा भूमीत फादर स्टीफन्स ह्यांना राहायचे होते.

त्यांनी लोकांच्या भाषेचा मार्ग धरला. कोकणी व मराठी त्यांनी इतक्या आस्थेने आत्मसात केल्या की, त्याच वर्षी आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात भारतीय भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी जुळते, हे त्यांनी नोंदविले. भाषाशास्त्रज्ञांनी हे नाते सिद्धान्तरूपाने मांडण्याच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे. त्यांनी कोकणीचे व्याकरण लिहिले. ते १६४० साली रायतूर येथे छापले गेले. भारतीय भाषांच्या छापील व्याकरणांपैकी ते सर्वांत जुन्यांपैकी एक मानले जाते. त्यांचा कोकणीतील ‘दौत्रिन क्रिस्तां’ हा धर्मशिक्षणाचा ग्रंथ १६२२ साली प्रसिद्ध झाला. ही दोन्ही पुस्तके छापलेली पाहण्यास ते हयात नव्हते.

त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेला मोठा ग्रंथ म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’. तो लिहिण्यामागची निकड ग्रंथाच्या आरंभीच कथारूपाने आली आहे. साष्टीतील एका देवळात धर्मशिक्षण चालू असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण उभा राहतो. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग आम्ही आता वाचावे तरी काय, अशा आशयाची विचारणा तो पाद्री गुरूंना करतो. शतकानुशतके पुराणश्रवणासाठी जमणाऱ्या समाजाला एकाएकी ऐकायला काहीच उरले नव्हते. हे केवळ पुस्तकांचे दुर्भिक्ष नव्हते. माणसांना एकत्र आणणारी एक रीतच तुटली होती. फादर स्टीफन्स ह्यांनी ती व्यथा ओळखली आणि तिचे उत्तर मराठीत दिले.

हे उत्तर थोडेथोडके नाही. दोन भाग, ९५ अवस्वरू म्हणजे अध्याय आणि सुमारे अकरा हजार ओव्या असा त्याचा विस्तार आहे. पहिल्या भागात जुन्या कराराची कथा असून दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र आहे. ज्ञानदेवांपासून चालत आलेली आणि त्यांच्याच काळात संत एकनाथांनी घरोघरी पोहोचविलेली ओवी त्यांनी स्वीकारली. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. सामान्यांना समजावे म्हणून मराठीत कोकणी शब्द मिसळले आणि आरंभी मराठी भाषेचा मोठा गौरव केला. श्रोत्यांच्या कानांना ओळखीची असलेली चाल व ओळखीचे शब्द ह्यांतून नवी कथा त्यांच्यापर्यंत पोहोचली.

एक इच्छा मात्र अपुरी राहिली. येथील भाषेतील पुस्तक येथील लिपीतच छापले जावे, अशी त्यांची आस होती. डिसेंबर १६०८ मध्ये रोम येथील संघप्रमुखांना पाठविलेल्या पत्रात त्यांनी ती कळकळीने मांडली होती. जोडाक्षरांसह सुमारे सहाशे खिळे ओतावे लागतील, ही त्यातील मोठी अडचण होती. ती दूर झाली नाही. त्यामुळे १६१६ साली रायतूर येथे ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, फादर स्टीफन्स गोव्यातच निवर्तले.

ह्यानंतरची कथा वाचकांची आहे. ग्रंथाच्या १६४९ व १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. रविवारी व सणांच्या दिवशी देवळांतून पुराणवाचन होऊ लागले. ज्यांना अक्षर येत नव्हते, तेही ऐकून ऐकून ओव्या पाठ म्हणत. पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज स्वीकारावी, असा हुकूम काढला. पुराणाच्या त्या तीन आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ नष्ट झाला नाही. लोकांनी तो हाताने उतरवून ठेवला. गोवा सोडून कानडा मुलखात स्थायिक झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या प्रती सोबत नेल्या. मंगळूर परिसरात पुराणवाचनाची प्रथा विसाव्या शतकातही टिकून होती.

अशाच हस्तलिखितांच्या आधारे मंगळूरचे जोसेफ साल्डाना ह्यांनी १९०७ साली ग्रंथाची रोमन लिपीतील आवृत्ती सिद्ध केली आणि मराठी अभ्यासकांचे लक्ष तिकडे वळले. त्यानंतर काही वर्षांनी, मराठी संतकवींचे अभ्यासक असलेले अमेरिकन मिशनरी जस्टिन अॅबट ह्यांना लंडन येथील मार्सडेन संग्रहात देवनागरीतील हस्तलिखित आढळले. १९५६ साली पुण्याहून शांताराम बंडेलू ह्यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती निघाली आणि १९९६ साली फादर कारिदाद द्रागो ह्यांची. फादर स्टीफन्स ह्यांची मराठी लिपीची इच्छा अशी साडेतीन शतकांनी सफल झाली. ती पूर्ण करणाऱ्यांत प्रोटेस्टंट, हिंदू व कॅथलिक अशा सर्वांचा हात लागला, हे विशेष आनंददायक आहे. १९८६ मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या कोकणी संशोधन केंद्रालाही त्यांचेच नाव देण्यात आले.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी भूषविले. ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान प्रथमच मिळाला. मराठी लिहिणाऱ्या ख्रिस्ती धर्मगुरूंची जी परंपरा त्या व्यासपीठापर्यंत पोहोचली, तिचा प्रारंभ रायतूरच्या त्या छापखान्याजवळ शोधावा लागतो.

सन्मानचिन्हे व अध्यक्षपदे लेखकाला जरूर मिळावीत. परंतु फादर स्टीफन्स ह्यांना त्यांपैकी काहीही मिळाले नव्हते. त्यांना मिळाले ते वाचक. आपल्या कुटुंबांत आणि धर्मग्रामांत, सायंप्रार्थनेनंतर किंवा उपवासकाळात, ‘ख्रिस्तपुराणा’चा एखादा अवस्वरू मोठ्याने वाचणे आज सहज शक्य आहे. जुने शब्द प्रारंभी अडतील; घरातील वडीलधाऱ्यांना विचारता त्यांतील काही उलगडतीलही. शेजारचे अन्यधर्मीय बांधव ऐकायला आले, तर ओवीची चाल त्यांनाही परकी वाटणार नाही.