इंदूरची दिवाळी आणि प्राध्यापक गेडीस

पहिले महायुद्ध संपत आले होते त्या सुमाराची गोष्ट. होळकरांच्या इंदूर शहरात एक पांढऱ्या दाढीचा, विस्कटलेल्या केसांचा साहेब हातात नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन गल्लीबोळांतून फिरू लागला. कधी एखाद्या वाड्याच्या परसात डोकवायचा, कधी उकिरड्यापाशी थांबून कागदावर रेघोट्या ओढायचा. प्लेगचे दिवस. नकाशा घेऊन येणारा साहेब म्हणजे घरे पाडायला आलेला माणूस, हा लोकांचा अनुभव. त्यामुळे तो दिसला की बायका मुलांना आत ओढून घेत आणि दारे लागत. म्हाताऱ्याला हे कळले. आपल्या सोबतच्या माणसाकडून त्याने खात्री करून घेतली आणि वाईट वाटून न घेता तो विचाराला लागला.

हे गृहस्थ म्हणजे पॅट्रिक गेडीस. नगररचनेचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला हे नाव ठाऊक असते. घराघरांत मात्र ते फारसे पोचलेले नाही. २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील पलटणीतून निवृत्त झालेले. पर्थ गावातल्या घराच्या बागेत बटाटे, फळझाडे आणि फुले यांच्यात मुलगा वाढला, आणि बागकामाचा हा संस्कार जन्मभर टिकला. लंडनला हक्स्लेंच्या हाताखाली ते जीवशास्त्र शिकले. १८७९ मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोला गेले असता त्यांची दृष्टीच गेली. अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे पडून राहावे लागले. तेव्हा खिडकीच्या तावदानांवरून आणि घडी घातलेल्या कागदावरून बोटे फिरवत, चौकटीचौकटींत विचार मांडण्याची एक पद्धत त्यांनी स्वतःपुरती तयार केली. डोळे पुढे सुधारले, पण सूक्ष्मदर्शकावर तासन् तास बसणे कायमचे सुटले. जंतूंकडून त्यांचे लक्ष माणसांच्या वस्तीकडे वळले ते इथे.

लग्नानंतर त्यांनी जे केले ते पाहून नातेवाईक चकित झाले असणार. पत्नी अ‍ॅना सुखवस्तू घरातली. हे जोडपे एडिंबराच्या जुन्या गावात, जेम्स कोर्ट नावाच्या दाटीवाटीच्या, गलिच्छ चाळवजा वस्तीत राहायला गेले. सुधारणेवर व्याख्याने देण्याऐवजी त्यांनी स्वतः जिने घासले, भिंतींना चुना लावला, खिडक्यांत फुलझाडे ठेवली. शेजारी आधी हसले, मग हळूहळू हाताशी आले. पडक्या, कचऱ्याने भरलेल्या मोकळ्या जागा साफ करून तिथे बागा केल्या. दरिद्री वस्ती पाडून टाकण्यापेक्षा अगदी नडेल तेवढेच पाडावे, बाकीचे डागडुजी करून राखावे, हा त्यांचा सिद्धांत जेम्स कोर्टच्या जिन्यावर तयार झाला. डंडी येथे ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, परंतु त्या नेमणुकीत वर्षातला उन्हाळ्याचाच काळ शिकवावे लागे. बाकीचे महिने शहरांसाठी मोकळे.

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते हिंदुस्थानात आले. त्यांचे शहरांविषयीचे प्रदर्शन, वर्षानुवर्षे जमवलेले नकाशे आणि चित्रे, मागून बोटीने येत होते. ती बोट ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवली. दुसरा कोणी परत फिरला असता. यांनी मित्रांकडून नवी सामग्री मागवली आणि मद्रासला प्रदर्शन भरवलेच.

त्याहून मोठा घाव १९१७ चा. एप्रिलमध्ये थोरला मुलगा अ‍ॅलॅस्डेअर फ्रान्समधल्या रणभूमीवर मारला गेला. त्या वेळी अ‍ॅना आजारी होती. गेडीसांनी तिला हे कळू दिले नाही; मुलाची आधी आलेली पत्रे ते तिला वाचून दाखवत राहिले. जून महिन्यात कलकत्त्यास ती गेली. इंदुरात दिसलेला तो म्हातारा साहेब हे दुःख उरात घेऊन फिरत होता, हे दारे लावणाऱ्यांना कुठून ठाऊक असणार?

तिसरे तुकोजीराव होळकर तेव्हा गादीवर होते. गेडीसांनी दरबाराकडे एक दिवसापुरते राजेपण मागून घेतले अशी हकीकत सांगतात. मागणी होती दिवाळीची. मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही, ज्या रस्त्यावरच्या लोकांनी घरे सर्वांत जास्त साफ आणि दुरुस्त केली असतील त्या रस्त्याने जाईल, असे जाहीर झाले. घरातला केरकचरा बाहेर काढून ठेवा, तो फुकट उचलून नेला जाईल, अशीही दवंडी. मग काय विचारता! हिंदूंचा रस्ता, मुसलमानांचा रस्ता हा वाद मागे पडला आणि आळीआळीत चढाओढ लागली. माळ्यावरचे, परसातले, पिढ्यान् पिढ्या साचलेले भंगार बाहेर आले. हजारो गाड्या कचरा गावाबाहेर गेला. उंदीर पकडण्याची मोहीम त्याच्याच जोडीला. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तोवर सिद्ध झाले होते. कचरा गेला की उंदराचे अन्न आणि आसरा दोन्ही जातात, एवढा साधा हिशेब.

मिरवणुकीत आधी राज्याचा लवाजमा, हत्ती, घोडे आणि लक्ष्मी. मागून बेसूर वाद्ये वाजवत राक्षस आले, डास आले आणि प्लेगने थरथरणारा एक अवाढव्य उंदीर आला. पोरे किंचाळली असतील! त्यानंतर शहराचे सफाई कामगार. त्यांच्या गाड्या घासूनपुसून रंगवलेल्या, बैलांची शिंगे रंगवलेली, अंगावर स्वच्छ पांढरे कपडे आणि डोक्याला शहराच्या अधिकाऱ्यांच्या पागोट्यांच्याच रंगाची नवी पागोटी. झाडूंना फुले बांधलेली. ज्यांची सावली टाळायची ते लोक भर रस्त्याने, मानाच्या जागी चालले होते. त्यांच्या मागून आली एक नवीच देवता: इंदूर नगरी. पुढे होऊ घातलेल्या शहराचे नकाशे आणि नमुने तिच्यासोबत होते. तुळशीच्या रोपांच्या कुंड्या लोकांत वाटल्या गेल्या. शेवटी मैदानात रावण आणि तो उंदीर जाळला. (आपण रावण दसऱ्याला जाळतो. गेडीसांनी तो दिवाळीत आणला, पण इंदूरकरांनी ते चालवून घेतलेले दिसते.)

प्लेगचा जोर पुढे ओसरला. श्रेय किती मिरवणुकीचे आणि किती ऋतूचे, हे सांगणे कठीण. पण साहेबाला पाहून दारे लागण्याचे थांबले. सफाई कामगारांचे काय झाले, हा प्रश्न मात्र टाळता येत नाही. पागोटे एका दिवसाचे होते, डोक्यावरचे ओझे दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध देशात कायदा व्हायला १९९३ साल उजाडले आणि २०१३ मध्ये तो पुन्हा अधिक कडक करावा लागला.

१९१८ मध्ये गेडीसांनी दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला. त्यात खर्चिक भुयारी गटारांच्या योजनेला त्यांनी विरोध केला. घाण पाण्याबरोबर वाहून नदीत सोडणे म्हणजे नदीही नासवणे आणि खतही गमावणे, असे त्यांचे म्हणणे. शहराचा मैला आणि सांडपाणी बागांना द्या, भाजीपाला पिकवा, पैसा वाचवा. अभियंत्यांना हे माळ्याचे शहाणपण रुचले नाही. गेडीसही दाट वस्तीच्या अडचणी थोड्या हलक्या धरत, असे आज वाचताना वाटते.

१९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. बोलणे भराभर, पुटपुटते, दाढीत अडकणारे. मागच्या बाकांवर निम्मे ऐकू जात नसे. मालवणकडचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना त्यांनी हेरले. गेडीस १९२४ मध्ये परतले तेव्हा त्या खात्याची धुरा घुर्ये यांच्याकडे आली.

योगायोग असा की त्याच १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड इंदुरात आले. यशवंत वाड यांच्या साहाय्याने त्यांनी काडीकचरा आणि शेण यांपासून खत करण्याची जी रीत बसवली ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. पुढे शहरातल्या घरगुती केरावरही ती वापरली गेली. गेडीसांच्या अहवालाचा तिच्याशी थेट संबंध जोडण्याचा मोह टाळलेला बरा. तसाच मोह आजच्या इंदुराबाबत होतो. २०१७ पासून सलग सात वर्षे ते देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरले. ओला-सुका कचरा दारातच वेगळा घेतला जातो, आणि २०२२ मध्ये तिथे दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू करण्याचा प्रकल्प सुरू झाला. हे घडवले ते महापालिकेने, गाड्यांच्या काटेकोर फेऱ्यांनी, दंडाने आणि कामगारांच्या पहाटेच्या पाळीने.

गेडीसांनी उतारवयात दक्षिण फ्रान्समध्ये माँपेलिए येथे वसतिगृह बांधायला घेतले. भोवती अर्थात बागही केली. १९३२ मध्ये ‘सर’ हा किताब घ्यायला ते लंडनला गेले, परतले, आणि १७ एप्रिलला तिथेच वारले.