व्यसनी नव्हे, रुग्ण

पगाराचा पैसा घरी पोहोचण्यापूर्वीच वाटेत कसा आटतो, हे महाड-पोलादपूर परिसरातील अनेक गृहिणींना अर्थशास्त्राच्या पुस्तकावाचून ठाऊक आहे. तोच कमावता पुरुष पुढे पोटदुखी, निद्रानाश वा हातांचा कंप घेऊन दवाखान्यात जातो. त्याला औषध मिळते. पण दारूविषयी प्रश्न पुष्कळदा विचारलाच जात नाही. या संदर्भात डॉ. अनिता अवचट यांच्या जीवनाचे स्मरण उद्‌बोधक ठरावे.

अनिताबाई पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. गर्दच्या व्यसनाने तरुण पिढी पोखरली जात असल्याचे त्यांचे पती, लेखक अनिल अवचट यांनी लेखांतून समाजासमोर मांडले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी भरघोस देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्या आवारातच मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. त्याची धुरा अनिताबाईंनी वाहिली. गर्दुल्ल्यांबरोबर दारूचे रुग्णही तेथे येऊ लागले. व्यसन हे पाप नसून आजार आहे, ही तेथील उपचारांची बैठक होती. बरे झालेले रुग्णच कार्यकर्ते झाले आणि कुटुंबीयांनाही उपचारांत स्थान मिळाले. पुढे कर्करोगाने ग्रासले असतानाही अनिताबाईंचे काम थांबले नाही. १९९७ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कार्यातून खेड्यातील डॉक्टरांनी काय घ्यावे? प्रथम, प्रत्येक रुग्णाला दोष न देता विचारावे: किती पिता, सकाळी उठताच लागते काय, सोडण्याचा प्रयत्न फसला काय? दुसरे, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्यांनी एकाएकी बंद करू नये. त्यातून फेफरे, भ्रम, क्वचित मृत्यूही ओढवतो. म्हणून ती वैद्यकीय देखरेखीखाली सुटावी. तिसरे, शरीरातून दारू उतरली म्हणजे उपचार संपले नाहीत. खरे काम त्यानंतरच्या पाठपुराव्यात असते. पुन्हा प्याला म्हणून रुग्णाला हाकलणे हे मधुमेह्याची साखर वाढली म्हणून त्याचे औषध तोडण्यासारखे आहे.

दारूवरील उत्पादन शुल्क सरकारच्या जमाखात्यात दिसते. बुडालेली मजुरी, सुटलेली शाळा आणि मोडलेले संसार कोणत्याच अर्थसंकल्पात दिसत नाहीत. त्या जमेतील अल्प वाटा तालुक्याच्या रुग्णालयात व्यसनोपचारासाठी राखून ठेवला, तर ती दया नव्हे, हिशेबाची दुरुस्ती ठरेल.