अबुल फजल आणि वैरागडची खाण

गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी तालुक्यात वैरागड नावाचे गाव आहे. आजूबाजूला भाताची शेते आहेत, पलीकडे जंगल आहे आणि गावात एक जुना किल्ला आहे. आज हे गाव पाहून कोणाला खरे वाटणार नाही, पण एके काळी येथे हिऱ्यांची खाण होती.

अठराव्या शतकात ब्राझील देशात हिरे सापडले. त्याआधी जगाला बहुतेक हिरे भारतच पुरवत असे. त्या काळी यंत्रे नव्हती. मजूर उघडे खड्डे खणत, माती पाण्याने धूत आणि उरलेल्या खड्यांतून हिरे हाताने निवडत. पुढे १८७१ साली दक्षिण आफ्रिकेत अशीच एक खाण सुरू झाली. तेथे मजुरांनी कुदळ-फावड्यांनी डोंगराएवढी माती उपसली आणि खाणीच्या काठावर किंबर्ली नावाचे शहर वसले. ती खाण १९१४ साली बंद झाली, पण तो प्रचंड खड्डा आजही पाहायला मिळतो.

वैरागडची खाणही बंद पडली आणि तिचे वैभव संपले. मग येथे हिरे निघत होते हे आपल्याला कसे समजले? चारशे वर्षांपूर्वी एका विद्वानाने ही हकीकत फारसी भाषेत लिहून ठेवली, म्हणून समजले. त्या विद्वानाचे नाव अबुल फजल.

अबुल फजल यांचा जन्म १४ जानेवारी १५५१ रोजी आग्रा येथे झाला. त्यांचे वडील शेख मुबारक मोठे विद्वान होते. त्यांचे विचार स्वतंत्र होते. त्यामुळे दरबारातील काही लोक त्यांच्यावर नाराज झाले. एकदा तर साऱ्या कुटुंबाला घर सोडून लपून राहावे लागले. अशा कठीण दिवसांतही अबुल फजल यांनी अभ्यास सोडला नाही.

त्यांच्या तरुणपणीची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांच्या हाती एक दुर्मिळ ग्रंथ आला. आगीमुळे त्याच्या प्रत्येक पानाचा अर्धा भाग नष्ट झाला होता. दुसरा कोणी असता तर त्याने तो ग्रंथ बाजूला ठेवला असता. अबुल फजल यांनी जळालेला भाग कापून तेथे कोरा कागद चिकटवला. मग उरलेले शब्द वाचून, विचार करून, त्यांनी प्रत्येक ओळ पूर्ण केली. पुढे त्या ग्रंथाची संपूर्ण प्रत सापडली. दोन्ही प्रती ताडून पाहिल्या तेव्हा त्यांतील साम्य पाहून मित्र थक्क झाले. त्या वेळी अबुल फजल वीस वर्षांचेही नव्हते.

१५७४ साली ते अकबर बादशहाच्या दरबारात आले. त्यांचे थोरले बंधू कवी फैजी आधीपासूनच तेथे होते. लवकरच अबुल फजल बादशहाचे विश्वासू सल्लागार झाले. बादशहाने महाभारताचे फारसी भाषांतर करवून घेतले, तेव्हा त्याची प्रस्तावना अबुल फजल यांनीच लिहिली.

त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे ‘अकबरनामा’ हा ग्रंथ. ‘आईन-ए-अकबरी’ हा त्याचाच तिसरा भाग. त्यात केवळ लढायांची वर्णने नाहीत. धान्याचे भाव, गवंड्याची आणि मजुराची रोजी, जमिनीचा महसूल, प्रत्येक सुभ्यातील पिके आणि कारागिरी अशी सारी माहिती त्यात आहे. बादशहाची स्तुती त्यांनी जरा जास्तच केली, असे अनेक अभ्यासक म्हणतात. पण एवढी बारीक माहिती गोळा करण्यासाठी त्यांनी केलेले श्रम कोणी नाकारत नाही.

१५९६ साली वऱ्हाड मोगलांच्या ताब्यात आला. म्हणून त्या सुभ्याची माहितीही या ग्रंथात आली. तेथेच चांदा म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या गोंड राजाचा उल्लेख आहे. त्याच्याजवळ एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ होते. वैरागड त्याने थोड्याच काळापूर्वी दुसऱ्या एका जमीनदाराकडून जिंकून घेतले होते. तेथे हिऱ्यांची खाण होती आणि नक्षीदार कापडही तयार होत असे. या मुलखात रानहत्ती पुष्कळ होते, असेही अबुल फजल नोंदवतात. पुढे हे हत्ती येथून नाहीसे झाले. २०२१ साली छत्तीसगडमार्गे हत्तींचा एक कळप गडचिरोलीच्या जंगलात आला, तेव्हा लोकांना मोठे नवल वाटले. पण जुन्या ग्रंथात हत्तींची नोंद होतीच!

१५९९ साली बादशहाने अबुल फजल यांना दख्खनच्या मोहिमेवर पाठवले. कलम चालवणाऱ्या या माणसाने तेथे फौजही सांभाळली. इकडे शहजादा सलीमने बापाविरुद्ध बंड केले. बादशहाने अबुल फजल यांना परत बोलावले. वाटेत धोका आहे, दुसऱ्या रस्त्याने जा, असा इशारा त्यांना मिळाला होता. त्यांनी रस्ता बदलला नाही. १२ ऑगस्ट १६०२ रोजी ग्वाल्हेरजवळ वीरसिंह बुंदेला याने त्यांना ठार केले. हे कृत्य सलीमच्या सांगण्यावरून झाले होते. पुढे सलीम जहांगीर बादशहा झाला आणि आपल्या आत्मचरित्रात त्याने हे स्वतःच मान्य केले. अबुल फजल यांची कबर ग्वाल्हेरजवळ आंतरी येथे आहे.

वैरागडचे हिरे कोणाच्या मुकुटात गेले हे आज सांगता येत नाही. त्या खाणीबद्दलची एक ओळ मात्र टिकून राहिली. त्या ओळीत खाणीच्या मालकाचा उल्लेख आहे. उन्हापावसात माती खणणाऱ्या आणि धुणाऱ्या माणसांचे नाव मात्र त्यात नाही.

मुलांनो, आजही आपल्या भागात उघड्या खाणी आहेत. चंद्रपूरजवळ कोळसा निघतो आणि सुरजागडच्या डोंगरातून लोखंडाचे खनिज निघते. एक दिवस याही खाणी रिकाम्या होतील. आपल्या गावात कोण राहत होते, कोण राबत होते, आधी येथे कोणते जंगल होते, हे तुम्ही वहीत लिहून ठेवा. अबुल फजल यांच्या ग्रंथात जी जागा कोरी राहिली, ती तुम्हाला भरता येईल.