स्मृतिचित्रकार लक्ष्मीबाई टिळक

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीविषयी लिहावे, असे मंडळाच्या भगिनींनी सुचवले, तेव्हा माझ्या मनात पहिले नाव आले ते लक्ष्मीबाई टिळकांचे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला तेवढीही शाळा आली नाही. तरी त्यांची ‘स्मृतिचित्रे’ मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत गणली जातात. हे कसे घडले, ते माझ्या परीने सांगते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ जलालपूरच्या गोखल्यांच्या घरी झाला. माहेरी त्या मनू. त्यांच्या आईचे वडील १८५७ च्या बंडात फासावर गेले. त्या धक्क्याने मनूच्या वडिलांना सोवळ्याओवळ्याचे वेडच लागले. बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घ्यायचे! अशा घरात ही मुलगी वाढली.

१८८० साली त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक कवी, मनाने उदार, पण रागीट आणि एका जागी न टिकणारे. बायकोला लिहावाचायला त्यांनीच शिकवले, तेही रुसतफुगत. १८९५ साली टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जायची सोय नाही. काही वर्षे त्यांनी पंढरपुरात नातेवाईकांकडे काढली. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, पण स्वयंपाकपाणी वेगळे ठेवून. नंतर हळूहळू त्यांच्या मनाने घेतले की, जात देवाने केलेली नाही, माणसांनीच केली. मग त्यांनी शिवाशीव सोडली आणि १९०० साली स्वतःही दीक्षा घेतली.

भगिनींनो, मला विशेष वाटते ते पुढचेच. धर्म बदलला, पण बोली बदलली नाही. ओटी-माजघरातली, जात्यावर आणि पाटावर बसून बोलायची ती आपली मराठी त्यांनी तशीच ठेवली. नगरला त्यांच्या घरी कितीतरी माणसांचा राबता असे. बालकवी ठोमरेही त्यांच्याकडे राहिले होते. १९१९ साली टिळक वारले. त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले होते, ते लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्याय रचून पुरे केले. विषय येशू ख्रिस्ताचा, पण छंद ओवीचा! लहानपणी कानांवर पडलेल्या पोथ्यांचे वळण हाताला होतेच.

मुलाला वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्याने आईला आठवणी लिहायला सांगितले. त्यातूनच ‘स्मृतिचित्रे’ झाली. १९३४ ते १९३६ या काळात तिचे चार भाग निघाले. शेवटचा भाग येण्याआधीच, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, लक्ष्मीबाईंनी जगाचा निरोप घेतला. त्या पुस्तकात वडिलांचे वेड आहे, नवऱ्याचा तापटपणा आहे, स्वतःची फजितीही आहे. पण कोणावर राग नाही. वाचताना हसू येते आणि त्याच पानावर डोळे भरतात. शाळेतली पुस्तकी भाषा त्यांना कोणी शिकवली असती, तर हे असे उतरले असते का, असे मला वाटते.

सोवळे त्यांनी सोडले, पण त्या सोवळ्याच्या घराची आठवण सोडली नाही. म्हणून त्यांच्या लिहिण्यात दोन्ही घरे नांदतात. जे जगलो ते लपवायचे नाही आणि जे चूक दिसले ते धरून बसायचे नाही, हा धडा मी त्यांच्याकडून घेतला.

आजही आपल्यातल्या कितीतरी घरी कामवाल्या बाईचा कप वेगळा, खिडकीत पालथा घातलेला असतो. लक्ष्मीबाईंना ते सोडायला केवढे मन मोडावे लागले! आपल्याला तर फक्त कप उचलून इतर कपांत ठेवायचा आहे. एवढे करावे आणि सवड काढून ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत, एवढीच विनंती.